सोंग आणि श्रद्धा : अ‍ॅलेक गिनेस यांची कारकीर्द

इंग्लिश नट सर अ‍ॅलेक गिनेस (१९१४–२०००) यांनी शेक्सपिअरच्या रंगभूमीवर उमेदवारी केली, इलिंग स्टुडिओच्या विनोदी चित्रपटांनी त्यांना घरोघरी पोहोचवले, डेव्हिड लीन यांच्या भव्य चित्रपटांनी ऑस्कर मिळवून दिले आणि उतारवयात ‘स्टार वॉर्स’ने पैसा दिला. अभिनयाच्या इतिहासात त्यांची नोंद होते ती वेषांतरात निपुण, स्वतःचा चेहरा जवळजवळ पुसून टाकणारा नट म्हणून. या कारकिर्दीच्या पोटात एक धार्मिक प्रश्नही आहे. पाद्री, कार्डिनल, पोप, अरब राजपुत्र आणि चित्पावन ब्राह्मण अशी धर्माशी बांधलेली पात्रे त्यांनी रंगवली. यांतल्या एका पाद्र्याची भूमिका करताना घडलेल्या प्रसंगाने त्यांच्या स्वतःच्या धर्मांतराला चालना दिली. सोंगातून श्रद्धा येऊ शकते का, आणि आली तर तिला खरी म्हणायचे का, हा तो प्रश्न.

गिनेस यांचा जन्म २ एप्रिल १९१४ रोजी लंडनच्या मायदा व्हेल भागात झाला. आईचे नाव अ‍ॅग्नेस कफ. जन्मदाखल्यावर वडिलांच्या नावाची जागा कोरी होती आणि वडील कोण, हे त्यांना आयुष्यभर निश्चित कळले नाही. शाळा संपल्यावर जाहिरात कंपनीत मजकूर लिहिण्याची नोकरी, मग अभिनेत्री मार्टिटा हंट यांच्याकडे शिकवणी आणि फे कॉम्प्टन यांच्या नाट्यशाळेत शिष्यवृत्ती. १९३४ साली जॉन गीलगुड यांनी आपल्या ‘हॅम्लेट’मध्ये त्यांना ऑस्रिकची छोटी भूमिका दिली आणि इथून खरे शिक्षण सुरू झाले. इंग्लंडमध्ये अभिजात तालीम म्हणजे पाठ्यपुस्तकातला अभ्यासक्रम नव्हे. मोठ्या नटांच्या कंपनीत राहायचे, भालदार-चोपदार करत वर चढायचे, पद्य श्वासात बसवायचे आणि आज राजा तर उद्या नोकर व्हायचे. आपल्याकडच्या नाटक मंडळ्यांत बिऱ्हाडी राहून शिकणाऱ्यांना ही पद्धत परकी वाटली नसती. १९३८ मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी, टायरन गथ्री यांच्या दिग्दर्शनाखाली ओल्ड व्हिकच्या रंगमंचावर त्यांनी आधुनिक पोशाखातला हॅम्लेट केला.

या तालमीतून त्यांनी एक सवय उचलली. पात्राची चाल सापडल्याशिवाय पात्र सापडत नाही, असे ते मानत. आवाज, चेहरा, नाकाचे मेण हे सगळे नंतर. तो माणूस टाच आधी टेकतो की चवडा, हे आधी ठरे. म्हणजे आतून बाहेर येण्याऐवजी बाहेरून आत जाण्याची ही वाट होती. तिचा धर्माशी संबंध लवकरच आला. हॅम्लेट करत असताना एक अँग्लिकन पाद्री त्यांच्या रंगपटात आले आणि त्यांनी तक्रार केली की, रंगमंचावर छातीवर क्रूसाची खूण करताना तुमचा हात चुकतो. मग ती कशी करायची, ते दाखवले. किशोरवयात चर्चमध्ये दीक्षा-दृढीकरण झाल्यावर लवकरच श्रद्धा गमावून बसलेला हा तरुण ती खूण बरोबर करायला शिकला. अर्थ मागाहून आला.

अशा माणसाबद्दल धर्मसंस्थांचे मत पूर्वापार वाईट आहे. मनुस्मृतीने नटाकडचे अन्न वर्ज्य ठरवले आणि त्याची साक्षही बाद केली. नाट्यशास्त्र स्वतःला पाचवा वेद म्हणवते खरे, पण त्याच्याच शेवटच्या अध्यायात ऋषींची नक्कल केल्याबद्दल भरताच्या मुलांना शाप मिळतो. टर्टुलियनने खेळ-तमाशांविरुद्ध स्वतंत्र पुस्तिका लिहिली. संत ऑगस्टिनने जास्त खोल बोट ठेवले. तरुणपणी नाटकातल्या खोट्या दुःखावर आपण रडलो, ते रडणे आवडलेही, आणि मदतीला मात्र कुणाच्याच धावलो नाही. मग ती करुणा कसली, असे त्याने विचारले. फ्रान्समध्ये तर हा वाद स्मशानापर्यंत गेला. १६७३ साली मोलिएरला राजाच्या मध्यस्थीनंतर रात्रीच्या अंधारात पुरावे लागले आणि १७३० साली आद्रियेन लकुव्रर या थोर अभिनेत्रीला ख्रिस्ती दफन नाकारले गेले. गंमत अशी की, याच चर्चने नटांना एक संतही दिला. रोमचा जेनेसियस बाप्तिस्म्याची टवाळी करणाऱ्या प्रहसनात काम करत असताना रंगमंचावरच खरोखर ख्रिस्ती झाला आणि त्याबद्दल मारला गेला, अशी आख्यायिका आहे. ती इतिहास म्हणून टिकत नाही. पण चर्चला नटाची नेमकी कशाची भीती होती आणि त्याच्याकडून कशाची आशा होती, हे तिच्यात एकत्र दिसते.

दुसऱ्या महायुद्धात गिनेस नौदलात होते. १९४३ मध्ये सिसिलीवर सैन्य उतरवणाऱ्या एका नौकेचे नेतृत्व त्यांच्याकडे होते. युद्धानंतर डेव्हिड लीन यांच्या ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ (१९४६) आणि ‘ऑलिव्हर ट्विस्ट’ (१९४८) या चित्रपटांनी त्यांना पडद्यावर आणले. दुसऱ्या चित्रपटातील फेगिन या ज्यू पात्रासाठी लावलेल्या अवाढव्य नाकावर ज्यू संघटनांनी हरकत घेतली आणि अमेरिकेतले प्रदर्शन १९५१ पर्यंत अडले. दुसऱ्या समाजाचा चेहरा चिकटवून घेण्यातला धोका इथे पहिल्यांदा पुढे आला. तो त्यांच्या कितपत लक्षात राहिला, ही शंका पुढे ‘अ पॅसेज टू इंडिया’ पाहताना येते. ‘काइंड हार्ट्स अँड कॉरोनेट्स’ (१९४९) मध्ये एकाच घराण्यातल्या आठ व्यक्ती त्यांनी केल्या. त्यांत एक बाई आणि एक कंटाळवाणा म्हातारा पाद्रीही होता. पडद्यावरचा हा पाद्री निव्वळ थट्टेचा होता.

पुढचा पाद्री तसा राहिला नाही. चेस्टरटनच्या गुप्तहेर-पाद्र्यावरचा ‘फादर ब्राऊन’ हा चित्रपट १९५४ साली आला. त्याचे काही चित्रीकरण फ्रान्समधील बर्गंडीत चालले होते. एका संध्याकाळी गिनेस पायघोळ काळा झगा अंगावर तसाच ठेवून मुक्कामाकडे चालले होते. वाटेत एक लहान मुलगा पळत आला, त्याने त्यांना पाद्री समजून हाक मारली, त्यांचा हात धरला आणि अखंड बडबड करत बरोबर चालू लागला. गिनेस यांचे फ्रेंच बेताचे. बोललो तर मुलगा घाबरेल म्हणून ते गप्प राहिले. थोड्या वेळाने मुलाने वाकून निरोप घेतला आणि तो कुंपणाच्या फटीतून नाहीसा झाला. गिनेस यांना कॅथलिक पुरोहितवर्गाविषयी तोपर्यंत तिटकाराच होता. अनोळखी माणसाच्या हातात आपला हात असा बिनधास्त देण्याइतका विश्वास मुलाच्या मनात निर्माण करणारी संस्था लोक म्हणतात तेवढी कपटी नसावी, असे त्यांना वाटून गेले.

हा प्रसंग धर्मांतराच्या कथांत नेहमी सांगितला जातो, पण त्यातली अडचण सहसा कुणी बोलत नाही. मुलगा फसला होता. त्याने ज्याचा हात धरला तो पाद्री नव्हता, कॅथलिकही नव्हता. भारतीय काव्यशास्त्राने या जागेची चिकित्सा फार बारकाईने केली आहे. शंकुक या काव्यशास्त्रकाराच्या मते नटाला ‘हा राम’ म्हणून पाहणाऱ्या प्रेक्षकाचे ज्ञान सम्यक नसते, मिथ्या नसते, संशयाचे नसते आणि सादृश्याचेही नसते. चित्रातल्या घोड्याला आपण घोडा म्हणतो आणि तरी त्याच्यासमोर हरभरे टाकत नाही, तशी ही पाचवीच जात. बर्गंडीतल्या मुलापाशी ही जाणीव नव्हती, कारण त्याच्यासमोर रंगमंच नव्हता, पडदा नव्हता. त्याचे ज्ञान सरळसरळ मिथ्या होते. आणि ज्या गोष्टीने गिनेस हलले ती मुलाच्या ज्ञानात नव्हतीच, त्याच्या भरवशात होती. भरवसा चुकीच्या माणसावर ठेवला गेला म्हणून तो भरवसा खोटा ठरत नाही. तो ज्या घडणीतून आला ती घडण कुठेतरी खरी असावी लागते. गिनेस यांचा तर्क असा मांडला तर पटतो. चर्च निष्कपट आहे, हे मात्र त्यावरून सिद्ध होत नाही. मुलांचा भरवसा चर्चमधल्या सगळ्यांनी पाळला नाही, हे गेल्या काही दशकांत जगाने पाहिले आहे. गिनेस यांना जे मिळाले ते प्रमाण नव्हते. दार उघडायला मिळालेले निमित्त होते, आणि त्यांनीही त्याला त्याहून मोठे केले नाही.

दुसरे निमित्त घरात घडले. त्यांचा मुलगा मॅथ्यू अकरा वर्षांचा असताना पोलिओने आजारी पडला आणि कमरेखाली लुळा झाला. त्या दिवसांत कामावरून परतताना गिनेस एका लहान कॅथलिक चर्चमध्ये जाऊन बसत. तिथे त्यांनी देवाशी करार केला की, मुलगा बरा झाला आणि पुढे त्याला कॅथलिक व्हावेसे वाटले, तर आपण आड येणार नाही. मराठी वाचकाला हा सरळ नवस वाटेल, आणि तो नवसच आहे. नवसाने देव मिळत नाही, हे संतांनी कानीकपाळी ओरडून सांगितले आहे. तरी या नवसाची अट जरा वेगळी आहे. त्यात गिनेस काही देऊ करत नाहीत. फक्त एक विरोध मागे घ्यायला तयार होतात. मुलगा हळूहळू चालू लागला. त्याला जेझुइटांच्या शाळेत घातले गेले आणि किशोरवयातच तो कॅथलिक झाला. वडील त्याच्या मागून गेले. ट्रॅपिस्ट मठात काही दिवस राहून, पुष्कळ चाचपडून, २४ मार्च १९५६ रोजी हॅम्पशरमधील पीटर्सफील्डच्या सेंट लॉरेन्स चर्चमध्ये त्यांनी कॅथलिक पंथात प्रवेश केला. पुढच्या वर्षी, ते ‘द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’साठी सिलोनमध्ये असताना, पत्नी मेरुला यांनीही तेच केले.

‘क्वाय’मधला कर्नल निकल्सन ही त्यांची सर्वांत गाजलेली भूमिका, तिच्यासाठी १९५८ साली त्यांना ऑस्कर मिळाले. तत्त्वासाठी छळ सोसणारा आणि शेवटी त्याच ताठरपणामुळे शत्रूसाठी उत्तम पूल बांधून देणारा हा अधिकारी आहे. जपानी छावणीत त्याला पत्र्याच्या तापलेल्या खुराड्यात कोंडतात. सुटका होते तेव्हा त्याला मैदान ओलांडून छावणीप्रमुखापुढे जायचे असते. पाय उचलत नाहीत, गुडघे दगा देतात, खांदे मात्र कवायतीचे राहतात. प्रत्येक पावलाला पडेल असे वाटते आणि तो पडत नाही. ही चाल कुठून आणली, हे गिनेस यांनी सांगितले आहे. पोलिओतून उठून पुन्हा चालायला शिकणाऱ्या मॅथ्यूची ती चाल होती. बापाने मुलाच्या यातनेचा बाजार मांडला, असे कुणी म्हटले तर त्याला उत्तर देणे सोपे नाही. नटाचा धंदा तसा निर्दय असतो. सरणावरच्या माणसाचा चेहराही तो टिपून ठेवतो. पण त्या चालीला जी किंमत आली ती उसन्या करामतीने आली नाही. नवस बोलताना जे पाय डोळ्यांपुढे होते, तेच कॅमेऱ्यासमोर आले. नाट्यशास्त्राने आंगिक आणि सात्त्विक असे अभिनयाचे दोन वेगळे प्रकार सांगितले, तरी सत्त्व एकाग्र मनातून उपजते असे म्हणून त्यांच्यातली भिंत पातळ करून ठेवली आहे. निकल्सनच्या त्या काही पावलांत ती भिंत दिसत नाही.

मधल्या काळातला ‘द प्रिझनर’ (१९५५) आज फारसा कुणी पाहत नाही, पण या प्रश्नासाठी तो महत्त्वाचा आहे. हंगेरीचे कार्डिनल मिंडसेन्टी यांच्यावरच्या खटल्याची त्याला पार्श्वभूमी आहे. चौकशी अधिकारी कार्डिनलला मारहाण करत नाही. तो त्याला पटवून देतो की, तुझे पौरोहित्य म्हणजे हलक्या जन्माची लाज झाकण्यासाठी घेतलेले सोंग आहे. श्रद्धेवर याहून जहरी आरोप नाही, कारण कुणालाच तो छातीठोकपणे खोडून काढता येत नाही. कार्डिनल मोडतो. वडिलांचे नाव माहीत नसलेल्या आणि रोज नवा माणूस होणाऱ्या नटाने ही भूमिका आधी नाटकात आणि मग पडद्यावर केली, तीही धर्मांतराच्या अगदी उंबरठ्यावर. तिचे पडसाद त्यांच्या मनात कसे उमटले असतील, याचा अंदाज करण्यापलीकडे जाऊ नये. निकड मात्र अभिनयात उतरली आहे.

धर्मांतरानंतर त्यांचे आयुष्य बाहेरून फारसे बदलले नाही. मात्र आत्मचरित्रात त्यांनी एक विलक्षण गोष्ट नोंदवली आहे. लंडनच्या किंग्जवे रस्त्यावरून भर दुपारी चालताना ते अचानक धावत सुटले. कारण काही नाही. जवळच्या लहानशा चर्चपर्यंत ते धावले, गुडघे टेकले आणि दहाएक मिनिटे त्यांना जगाचे भान नव्हते. आपल्या प्रत्येक पावलाचा हिशेब ठेवणाऱ्या नटाची ही एकमेव बेहिशेबी धाव म्हणावी लागेल. पाहणारे कुणी नव्हते आणि पात्रही कुणाचे नव्हते. फ्रेंच विचारवंत दिदरोच्या मताप्रमाणे थोर नटाला स्वतःला काहीच वाटता कामा नये, डोके थंड असले की प्रेक्षकांचे डोळे ओले होतात. रंगमंचावरचे गिनेस दिदरोला उदाहरण म्हणून चालले असते. किंग्जवेवरचे गिनेस त्याच्या सिद्धांताबाहेर राहतात, आणि एकाच माणसात दोघे नांदू शकतात हे दिदरोनेही नाकारले नसते.

१९७७ च्या ‘स्टार वॉर्स’मध्ये त्यांनी ओबी-वान केनोबी हा वृद्ध ‘जेडाय’ साधुपुरुष केला. संवाद त्यांना टाकाऊ वाटत, पण नफ्यातला सव्वादोन टक्के वाटा मिळाला आणि म्हातारपणाची ददात मिटली. प्रसिद्धी मात्र नको तिथून आली. सॅन फ्रान्सिस्कोत एक मुलगा त्यांना भेटला. आपण हा चित्रपट शंभराहून अधिक वेळा पाहिला, असे त्याने अभिमानाने सांगितले. गिनेस यांनी त्याच्याकडून वचन मागितले की, पुन्हा तो पाहू नकोस. मुलाला रडू कोसळले आणि आई संतापली. दोन मुले, दोन्ही सोंगाला भुललेली. एकाने त्यांना चर्चकडे वळवले आणि दुसऱ्याला त्यांनी झिडकारले. हा निव्वळ लहरीपणा म्हणता येणार नाही. झग्यामागे गिनेस नव्हते, पण कुणीतरी होते: प्रार्थना, संस्कार, मरणाऱ्याच्या उशाशी बसणारे खरे पाद्री. जेडायच्या झग्यामागे जाऊन पाहिले तर पुन्हा चित्रपटच सापडतो. त्यांच्या नाराजीचा अर्थ असा लावता येतो. तरीही लहान मुलाच्या आनंदावर त्यांनी जरा जास्तच कडक हात टाकला, हे खरेच. पुढे २००१ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समधील सुमारे ३ लाख ९० हजार लोकांनी धर्माच्या रकान्यात ‘जेडाय’ लिहिले. बहुतेकांची ती थट्टा होती. ती पाहायला गिनेस नव्हते.

मराठी वाचकाला सर्वांत जवळची आणि सर्वांत अवघडलेली भूमिका म्हणजे लीन यांच्या ‘अ पॅसेज टू इंडिया’ (१९८४) मधील प्राध्यापक नारायण गोडबोले. ई. एम. फॉर्स्टर १९२१ साली देवास थोरली पाती या मराठा संस्थानात महाराज तुकोजीराव पवार यांचे खासगी सचिव होते. तिथली गोकुळाष्टमी त्यांनी पाहिली आणि १९२४ च्या कादंबरीच्या शेवटच्या भागात ती आणली. त्या उत्सवात गोडबोले टाळ घेऊन उभा आहे आणि गजर चालला आहे तो तुकारामाच्या नावाचा. नाचता नाचता त्याच्या मनात पूर्वी भेटलेली एक म्हातारी येते, मग एक गांधीलमाशी येते. देव जसे सगळ्यांना सामावून घेतो तसे तो त्यांना प्रेमाने सामावून घेतो. दगडालाही घेऊ पाहतो आणि तिथे थांबतो, कारण ते जमत नाही. भक्त इथे देवाची नक्कल करतो आहे, आणि कुणी त्याला ढोंगी म्हणत नाही. रूप गोस्वामींच्या रागानुगा भक्तीत साधक व्रजवासी जनांची भूमिका घेऊन जगतो; वारकरी कीर्तनात तर गवळण म्हणताना बुवा गोपीच होतात. सोंग हाच साधनेचा मार्ग, असे मानणारी परंपरा या एका दृश्यात सापडते.

पडद्यावर यातले फार थोडे उरले. गिनेस यांचा गोडबोले तपकिरी रंग लावलेला, कपाळावर गंध ओढलेला आणि बोलण्यात किंचित गाणे आणणारा असा झाला. नम्रता आहे, गूढ हसू आहे, पण तो माणूस कुठल्याच गावचा वाटत नाही. फादर ब्राऊन करतानाही गिनेस कॅथलिक नव्हते, म्हणजे श्रद्धा नसणे ही इथली उणीव नव्हे. पाद्र्याची चाल त्यांनी लहानपणापासून रस्त्यात पाहिली होती. टाळ घेतलेल्या माणसाच्या पायांची ओळख त्यांना कुठून असणार? विष्णुपंत पागनीस ‘संत तुकाराम’ (१९३६) मध्ये नुसते उभे राहिले तरी त्या उभे राहण्यात पिढ्यांचे कीर्तन होते, आणि पुढे कित्येक वर्षे तुकाराम म्हटले की लोकांना त्यांचाच चेहरा आठवे. गिनेस यांनी मेहनत कमी केली नाही. उत्सवातला गोडबोलेचा नाच त्यांनी शिकून घेतला आणि तो चित्रितही झाला. लीन यांनी संकलनात तो काढून टाकला. कथेचा शेवट त्यांना कादंबरीतल्या गुहेतील प्रसंगावरून झालेल्या खटल्याभोवती आणि तिच्यातल्या दोन मित्रांच्या समेटाभोवती आवळायचा होता, गोकुळाष्टमीला त्यात जागा नव्हती. गिनेस दुखावले आणि ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’पासूनच्या, भांडत-तंडत चाललेल्या या जोडीतला हा शेवटचा चित्रपट ठरला. नाच राहिला असता तर तो हास्यास्पद ठरला असता, हेही शक्य आहे. तो काढल्यामुळे मात्र कादंबरीतला तो एकमेव प्रसंग गेला, ज्यात नक्कल करणारा आणि भजणारा ही दोन वेगळी माणसे उरत नाहीत.